आधी सूर्य, मग आत्मा

याज्ञवल्क्य त्या दिवशी जनकाकडे गेले ते आज काही बोलायचं नाही असं मनाशी ठरवून. पण पूर्वी एकदा अग्निहोत्राच्या चर्चेवर खूश होऊन त्यांनी राजाला वर देऊन ठेवला होता, हवा तो प्रश्न विचार म्हणून. जनकाने तो वर बरोबर त्याच दिवशी वापरला. त्याने विचारलं, माणसाला प्रकाश कुणाचा? बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातला हा संवाद. याज्ञवल्क्यांचं पहिलं उत्तर अगदी साधं आहे : सूर्याचा. सूर्याच्या उजेडात माणूस बसतो, बाहेर जातो, काम करतो आणि परत येतो. राजाला ते पटतं, पण तो थांबत नाही. सूर्य मावळल्यावर? चंद्र. चंद्रही मावळल्यावर? अग्नी. अग्नी विझल्यावर? वाणी. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही अशा काळोखात कुणी हाक मारली, तर माणूस त्या आवाजाच्या रोखाने जातो. आणि वाणीही थांबली तर? तेव्हा आत्मा हाच त्याचा प्रकाश.

आमच्या कोल्हापुरातल्या अभ्यासवर्गात हा भाग आला, तेव्हा सगळ्यांना शेवटच्या उत्तराची घाई झाली होती. वर्ग घेणारे सर संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. सूर्य, चंद्र, अग्नी त्यांनी भराभर संपवले आणि आत्मज्योतीवर तासभर बोलले. छान बोलले. पण मी पहिल्याच उत्तरावर अडकले होते. शेवटी विचारलं, "सर, शेवटचं उत्तर ठाऊक होतं, तर याज्ञवल्क्यांनी सूर्यापासून सुरुवात का केली? सरळ आत्मा म्हणून मोकळं व्हायचं."

सर हसले. "बाई, तुम्ही पहिल्याच पायरीवर बसून राहिलात."

"शाळेतली सवय आहे, सर. मागचा आलाय का बघितल्याशिवाय पुढं जात नाही."

मी जन्मभर शाळेत शिकवलं. त्यामुळे माणूस बसतो, जातो, काम करतो, परत येतो हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मिथिलेचा दरबार येत नाही, पाचवी ब येते. लांबट खोली. डाव्या भिंतीला खिडक्या, कारण लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा, असं आम्हाला डी.एड.ला शिकवलेलं. डावखुऱ्या पोरांचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या खिडक्यांपैकी एकीपुढे लोखंडी कपाट, कारण कपाट ठेवायला दुसरी भिंत नाही. दुसरीची तावदानं चेंडू लागून फुटली, तिथे पत्रा ठोकलेला. उरलेल्या खिडकीतून येणारं ऊन थेट फळ्यावर. पुढची पोरं ओरडतात, "बाई, फळा चमकतोय!" मागची ओरडतात, "बाई, दिसत नाही!" दोघांचंही खरं असतं.

विज्ञानाच्या सरांकडचं लक्समीटर घेऊन मी एकदा बाकांवरून फिरले होते. खिडकीपासून एकेक बाक आत सरकावं तसा आकडा उतरत गेला. त्यात नवल काही नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच कामाचा उजेड पोचतो. म्हणून जुन्या शाळांत खिडकीच्या वर छताला लागून झरोके असत. त्यांच्यापुढे आता ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे असतात.

भर दुपारी उघड्या मैदानावर एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. ढगाळ दिवशीसुद्धा दहा हजारांच्या आसपास. वर्गात अपेक्षा असते ती तीनशेच्या आसपासची. म्हणजे मैदानातून वर्गात आलेलं पोर तीनशेपट उजेड उंबऱ्याबाहेर ठेवून येतं आणि तरी त्याला ते कळत नाही. डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळा जुळवून घेतो, मेंदू सांगतो की सगळं ठीक आहे. डोळा मोठा समजूतदार अवयव आहे. शरीर तेवढं समजूतदार नाही. ते हिशेब ठेवतं.

हा हिशेब कोण ठेवतं, ते कळायला विज्ञानाला बराच वेळ लागला. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशींना प्रकाश कळतो, शंकू आणि दंड, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. २००२ साली स्पष्ट झालं की तिसऱ्या प्रकारच्या पेशी आहेत. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि आकाशाच्या निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. आपण एरवी ज्याला दिसणं म्हणतो त्यासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात : दिवस आहे किंवा रात्र आहे. त्यावरून झोप, जाग, भूक, अंगाचं तापमान ठरतं. त्याच्या काही वर्षं आधी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांना पूर्ण अंध असलेल्या काही माणसांत असं आढळलं होतं की डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश टाकला की रात्री स्रवणारं मेलाटोनिन त्यांच्याही रक्तात कमी होतं. या माणसांना काहीही दिसत नव्हतं. तरी आत कुणाला तरी उजेड पोचत होता.

हे मी अभ्यासवर्गात सांगितलं, तेव्हा आमच्यातले एक काका उसळून म्हणाले, "बाई, हाच तो आत्मा!" मी म्हटलं, "काका, ती पेशी आहे. इतकी घाई नको."

पण काकांच्या घाईत एक गोष्ट खरी होती. बाहेरचा प्रकाश आणि आतला प्रकाश यांच्यामध्ये आपण जी जाड भिंत धरून चालतो, तशी ती नाही. सकाळच्या उजेडाने पोराचं लक्ष, चिडचिड, रात्रीची झोप ठरत असेल, तर चित्त म्हणून आपण ज्याची साधना सांगतो, त्याचा एक धागा खिडकीला बांधलेला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अमेरिकेतल्या कार्यालयांतले कर्मचारी तपासले होते. खिडकी असलेल्या जागी काम करणारे, खिडकी नसलेल्यांपेक्षा कामाच्या दिवसांत रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. माणसं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावर सिद्धान्त उभारू नये. पण दिवसा मिळालेला उजेड रात्रीच्या झोपेत उतरतो, हे घड्याळाच्या शास्त्राशी जुळतं.

पोरांच्या डोळ्यांबद्दल पुरावा अधिक भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरातल्या काही प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानात काढलं. बाकीच्या शाळा नेहमीसारख्याच चालल्या. तीन वर्षांनी मैदानात गेलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं दिसेनासं झालं होतं, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ सालचा. औषध नाही, चष्मा नाही, फक्त बाहेर काढणं. आमच्याकडे पीटीचा तास गणिताच्या बाईंनी मागून घ्यायची रीत आहे. अभ्यासक्रम पूर्ण व्हायचा असतो ना.

गुणांचं म्हणाल, तर तिथे सावध राहावं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅपिस्ट्रानो भागातल्या शाळांवरून निष्कर्ष आला की सर्वाधिक दिवसाउजेड असलेल्या वर्गांतली मुलं वर्षभरात गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगाने पुढे गेली. जगभर हा आकडा गाजला. तो अभ्यास करणाऱ्यांनीच पुढे फ्रेस्नो इथल्या शाळांत पाहिलं, तेव्हा तसा सरळ हिशेब जमला नाही. खिडकीतून बाहेरचं दिसणं उपयोगी ठरलं, डोळ्यांवर येणारी तिरीप नुकसानीची ठरली. म्हणजे आमच्या पाचवी बमधला फळा. उजेड पाहिजे, पण कसा पाहिजे हे बघणारं माणूसही पाहिजे.

धर्मग्रंथांत या गोष्टींची जाण नाही असं समजण्याचं कारण नाही. अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. महामोग्गल्लान म्हणजे बुद्धाच्या दोन अग्रशिष्यांपैकी एक. मगधातल्या एका गावी ध्यानाला बसले असताना त्यांना डुलक्या येऊ लागतात. बुद्ध येतात आणि उपाय सांगतात. ज्या विचाराने झोप आली तो सोड. शिकलेल्या धर्माचं चिंतन कर. पाठ केलेलं म्हण. कान ओढ, अंग चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, आकाशातल्या तारकांकडे बघ. मनात उजेड धर, दिवस आहे असं समज. येरझारा घाल. आणि एवढ्यानेही झोप गेली नाही, तर सरळ उजव्या कुशीवर निजून घे.

आमच्या शाळांत जेवणानंतरच्या तासाला डुलकी घेणाऱ्याला खडू फेकून मारतात. बुद्धाने आपल्या पट्टशिष्याला, तुझी साधना कमी पडते असं सुनावलं नाही. पाणी, आकाश, उजेड, चालणं, झोप ही यादी दिली. शरीराला जे लागतं ते आधी द्यावं आणि मग चित्ताकडे वळावं, हा क्रम त्या यादीत दिसतो. याज्ञवल्क्यांचा क्रमही तोच आहे.

यावर येणारी हरकत मला ठाऊक आहे, कारण पालकसभांत ती मी पुष्कळदा ऐकली आहे. "बाई, मोठी माणसं दिव्याखाली शिकली. आंबेडकरांना कुठं खिडक्या होत्या?" खरं आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, सगळं घर झोपल्यावर, रात्री उठून त्यांनी अभ्यास केला. पण त्यापुढचं आपण सांगत नाही. लंडनमध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसदिवस बसत. उंच घुमट, त्यातून उतरणारा उजेड आणि लागेल तितकी पुस्तकं. आणि स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा दादरला राजगृह उभं केलं, ते पुस्तकं डोळ्यांपुढे ठेवून. अंधाऱ्या खोलीत ते शिकले, हे त्यांचं कर्तृत्व. ती खोली अंधारी होती, हे त्यांच्या काळाचं आणि समाजाचं लांच्छन. आपण दुसऱ्याचं लांच्छन उचलून पहिल्याच्या खात्यात टाकतो आणि पोरांना सांगतो, बघा, अंधारातही शिकता येतं.

आतल्या ज्योतीची शिकवण इथे घसरते. याज्ञवल्क्यांचा आत्मा हा शेवटचा प्रकाश आहे. सूर्य, चंद्र, अग्नी, वाणी सगळं मावळल्यावर उरणारा. तो सगळ्यांत मोठा आहे, हे मान्य. पण ज्याच्या भिंतीबाहेर सूर्य उभा आहे, त्या पोराला थेट शेवटच्या प्रकाशाचा हवाला देणं म्हणजे उपनिषद उलटं वाचणं. ते तत्त्वज्ञान राहत नाही, बांधकामाच्या खर्चातली बचत होते.

आता दुसऱ्या बाजूने. उजेड दिला की झालं, असंही नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे बघायचं होतं. गोष्ट अशी प्रसिद्ध झाली की उजेड वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी वाढलं. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, याचाच तो परिणाम. पुढे २०११ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तो परिणाम दंतकथेइतका ठळक निघाला नाही. तरी प्रश्न शिल्लक राहतो : माणसाला जे उजळवतं, त्यात दिव्याचा वाटा किती आणि कुणीतरी विचारण्याचा किती?

याज्ञवल्क्यांनी वाणीला प्रकाशांच्या रांगेत बसवलं, त्याचं कारण मला इथे सापडतं. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वेगळं, गोणपाटावर बसावं लागत असे. त्याच्या वाट्याला ऊन किती आलं असेल ते असो, हाक आली नाही. वर्गातही असंच चालतं. कपाटाआडच्या बाकावर कोण बसतं, ते एकदा बघा. ज्याला प्रश्न विचारला जात नाही, तोच बहुधा तिथे असतो. अंधार आणि दुर्लक्ष हातात हात घालून मागच्या बाकावर बसतात. म्हणून बाक दर आठवड्याला एकेक रांग पुढे सरकवायचे, हा माझा नियम होता. पुढच्या पोरांचे पालक तक्रार करायचे. मी ऐकून घ्यायची आणि बाक सरकवायची.

मोठ्यांच्या कामाच्या जागीही रांग हीच. माझा मुलगा पुण्यात हिंजवडीला कामाला आहे. सकाळी बसने जातो, मजल्याच्या मधोमध बसतो, अंधार पडल्यावर बसने परत. विचारलं, "खिडकीजवळ बसायला मिळत नाही का रे?" तर म्हणाला, "आई, खिडकी मॅनेजरची." सरकारी कचेऱ्यांत वेगळं नाही. साहेबांच्या केबिनला खिडकी आणि तिला कायम ओढलेला पडदा. बाहेर कारकून दिवसभर फायलींच्या ढिगात, ट्यूबलाइटखाली. ज्याच्याकडे सूर्य आहे त्याला तो नको असतो आणि ज्याला हवा आहे त्याची बढती झालेली नसते.

तोच मुलगा रात्री एक वाजेपर्यंत पांढऱ्या दिव्याखाली स्क्रीनकडे बघत असतो. इथे मला एक जुना वाद आठवतो. नैयायिक म्हणतात, अंधार ही स्वतंत्र वस्तू नाही, तेजाचा अभाव म्हणजे अंधार. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, छे, अंधार हे द्रव्य आहे. तो काळा दिसतो, सरकताना दिसतो, मग नाही कसा म्हणता? अभ्यासवर्गात सगळे नैयायिकांच्या बाजूचे. मी दोन्हीकडची. दिवसा, वर्गात, मी नैयायिक आहे. तिथला अंधार म्हणजे आपण न उघडलेली खिडकी, दुसरं काही नाही. कपाट हलवा, अंधार जातो. रात्री मात्र मी मीमांसक होते. शरीराला काळोख लागतो, जसं अन्न लागतं. तो मिळाला नाही तर मेलाटोनिन उशिरा स्रवतं, झोप पुढे ढकलली जाते, सकाळचा तास वाया जातो. दिवसा अर्धा अंधार आणि रात्री अर्धा उजेड, अशा अखंड संध्याकाळी आपण राहायला लागलो आहोत. सूर्य आणि चंद्र यांच्या जागा बदलून बसवलेली ही पाळी आहे, आणि तिचं खापर आपण पोरांच्या एकाग्रतेवर फोडतो.

एक अडचण खरी आहे आणि ती टाळून बोलू नये. आपल्याकडे उजेड एकटा येत नाही, उकाडा घेऊन येतो. सोलापूर, नांदेड, चंद्रपूरच्या शाळेत एप्रिलमध्ये पश्चिमेची खिडकी उघडा म्हणणं हा दुष्टपणा आहे. पसायदानात ज्ञानदेव सज्जनांना ताप नसलेल्या सूर्याचं रूप देतात. आमच्या शाळेत ते रोज म्हटलं जाई. दुपारच्या तासाला मला वाटायचं, हा सूर्य गवंड्याकडेही मागायला हवा. आणि गवंड्याला तो ठाऊक होता. वाड्याचा मधला चौक, माळवदाला ठेवलेलं सानं, कोकणातल्या कौलांत बसवलेलं काचेचं कौल, जाड भिंतीतला वर निमुळता झरोका : ऊन बाहेर ठेवून उजेड आत घ्यायचे हे सगळे मार्ग. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलात तर घोड्याच्या नालेसारख्या त्या मोठ्या गवाक्षातून आलेला उजेड आतल्या स्तूपापर्यंत पोचवलेला दिसतो. डोंगर पोखरताना ज्यांनी एवढा विचार केला, त्यांच्या मुलखात आपण काडेपेटीसारख्या खोल्या बांधतो.

मुंबईच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरंही याच जातीची. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेकडे आणि तिला काचा. उत्तरेचा उजेड स्थिर असतो, ऊन क्वचितच थेट येतं. माझे मामा साचाखात्यात होते. ते सांगत, छपरावरून येणारा उजेड असा सारखा असायचा की तुटलेला धागा लांबून दिसे. धागा दिसला पाहिजे, कारण धागा दिसला नाही तर कापड बिघडतं. मालकाने तो उजेड कापडासाठी आणला होता, मामांना तो फुकटात मिळाला.

यावरून एक कसोटी हाती लागते. समाज ज्याला मोल देतो, त्याच्यापर्यंत उजेड पोचवतो. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम १७ फक्त प्रकाशाबद्दल होतं. माणसं जिथे काम करतात वा ये-जा करतात तिथे पुरेसा उजेड हवा, काचा आतून-बाहेरून स्वच्छ हव्यात, डोळे दिपता कामा नयेत, असं ते सांगत असे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं निर्वेध उपभोगलेल्या खिडकीच्या उजेडावर हक्क सांगता येतो. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची? तिच्यात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आहे, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली आहे, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आहे. सगळं आवश्यकच. पण खिडकीचा आणि उजेडाचा उल्लेख नाही. बांधकाम संहितेत खिडक्यांची प्रमाणं आहेत, ती इमारत मंजूर होईपर्यंत. पुढे त्या खिडकीपुढे कपाट आलं की नाही, हे कुणी बघत नाही.

आता आमच्या गावची गोष्ट. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबरला, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात. हा किरणोत्सव. वाटेत इमारती वाढल्या आणि किरणं अडू लागली, तेव्हा गावात चर्चा झाली, अभ्यासकांनी मोजमाप केलं, कोणत्या बांधकामाचा अडथळा होतो याच्या याद्या निघाल्या. आजही किरणं कुठवर पोचली, याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात असते. मीही गर्दीत उभी राहून ती पाहिली आहेत, हात जोडले आहेत. उजेडाची वाट मोकळी ठेवणं हे धर्मकार्य आहे, हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको.

म्हणूनच विचारावंसं वाटतं. याच गावात, याच सूर्याची किरणं वर्षातले दोनशेहून जास्त दिवस शाळेच्या खिडकीपर्यंत येतात आणि कपाटापाशी थांबतात. त्याची यादी कुणी केली आहे? हल्ली तर 'डिजिटल वर्ग' आले आहेत. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे, दिवसभर. सकाळी प्रार्थनेला पडद्यावर उगवत्या सूर्याचं चित्र लागतं आणि पोरं त्याला नमस्कार करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आत्मज्योत असेल, आहेच असं मानणाऱ्यांत मी आहे. पण तिचं नाव घेऊन सूर्याचं देणं चुकवता येत नाही. ज्याला आपण मूल म्हणतो, विद्यार्थी म्हणतो, कर्मचारी म्हणतो, त्याला याज्ञवल्क्यांनी सांगितलेले पाचही प्रकाश हवेत. त्यातला पाचवा देणं आपल्या हातात नाही. चंद्राचाही नाही. पण खिडकी, दिवा आणि हाक, या तीन गोष्टी संपूर्ण आपल्या हातात आहेत. त्या न देता पाचव्यावर प्रवचन करणं हा मला अधर्म वाटतो, मग ते प्रवचन कितीही गोड असो.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जाल, तेव्हा गुणपत्रिका मागण्याआधी वर्गातल्या सगळ्यात आतल्या बाकावर जाऊन बसा. दिवे बंद करायला सांगा, वही उघडा, चार ओळी लिहा, फळ्यावरचं वाचून बघा. नाही जमलं तर मुख्याध्यापकांना सांगून शाळा व्यवस्थापन समितीच्या विषयपत्रिकेवर एक विषय घाला : खिडकीपुढचं कपाट हलवणे. त्याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. चार माणसं लागतात, त्यांतले एक तुम्ही व्हा.